मॉरिशसच्या इतिहासातली वळणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉरिशसला जाऊन आलेली मंडळी बीचचे फोटो दाखवतात आणि मग विचारतात, की तिथे गणपतीची सुट्टी कशी काय, तिथले लोक भारतीय दिसतात पण फ्रेंचसारखं काहीतरी का बोलतात, ब्रिटिशांचं राज्य होतं ना मग? असे जे प्रश्न परत परत येतात त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतोय. तारखा आहेतच, पण जिथे मला स्वतःला महत्त्वाचं वाटतं तिथे जरा जास्त लिहिलंय.

मॉरिशस नक्की कुठे आहे आणि केवढा?

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला. मुख्य बेट साधारण १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. रॉड्रिग्स नावाचं अजून एक बेट त्याच देशात येतं, बाकी छोटी बेटं वेगळी.

तिथले मूळ रहिवासी कोण?

कुणीच नाही. ही गोष्ट आधी नीट समजून घ्या म्हणजे पुढचा सगळा इतिहास कळतो. अरब खलाशांना बेट माहीत होतं, सोळाव्या शतकात पोर्तुगीज येऊन गेले, पण वस्ती कुणी केली नाही. सप्टेंबर १५९८ मध्ये डच जहाजं आली आणि त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसवरून नाव दिलं. १६३८ला डचांनी वस्ती सुरू केली, जावाहून ऊस आणला, एबनीची म्हणजे काळ्या लाकडाची झाडं बेसुमार तोडली, मध्ये एकदा सोडून गेले, परत आले आणि १७१० मध्ये कायमचे गेले. त्यामुळे आज तिथे जो कुणी आहे तो कुठून ना कुठून आलेला आहे, कुणी मालक म्हणून, कुणी बेड्या घालून, कुणी करारावर अंगठा उठवून.

आणि डोडो?

डोडो हा पक्षी फक्त मॉरिशसमध्येच होता. उडता येत नव्हतं आणि माणसाची भीती माहीत नव्हती. शिकार झाली, पण त्याहून मोठं नुकसान जहाजांतून आलेल्या उंदीर, डुकरं, माकडांनी केलं, ती जमिनीवरची अंडी खाऊन टाकायची. डोडो दिसल्याची शेवटची विश्वासार्ह मानली जाणारी नोंद १६६२ची आहे, म्हणजे वस्ती झाल्यापासून पाव शतकाच्या आतबाहेर खेळ खलास. आता तो देशाच्या राजचिन्हावर आहे.

ब्रिटिशांचं राज्य होतं तर फ्रेंच कशी टिकली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. डच गेल्यावर १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट ताब्यात घेतलं आणि नाव ठेवलं ईल द फ्रान्स. १७३५ला माहे द ला बूर्दोने गव्हर्नर म्हणून आला आणि त्याने पोर्ट लुई बंदर उभं केलं, गोदी, रस्ते, हॉस्पिटल, साखर कारखाने सगळं. बांधकामासाठी पाँडिचेरीकडून कारागीर आणले होते, म्हणजे भारतीय माणूस तिथे गिरमिटच्या, म्हणजे करारावर मजूर नेण्याच्या पद्धतीच्या, शंभर वर्षं आधीच पोचला होता. हाच ला बूर्दोने १७४६ मध्ये मद्रास जिंकणारा, आपल्या शाळेच्या पुस्तकात कर्नाटकच्या युद्धात येतो तो.

पुढे नेपोलियनच्या काळात इथून फ्रेंच जहाजं निघून भारताकडे जाणाऱ्या ब्रिटिश व्यापारी जहाजांना लुटायची, त्यामुळे ब्रिटिशांना हे बेट हवंच होतं. ऑगस्ट १८१० मध्ये ग्रँड पोर्टच्या खाडीत लढाई झाली आणि ब्रिटिश सपाटून हरले, चार फ्रिगेट म्हणजे युद्धनौका गेल्या, दोन तर त्यांनाच जाळाव्या लागल्या. पॅरिसच्या आर्क द त्रियोंफवर नेपोलियनच्या विजयांची नावं कोरलीत त्यात समुद्रावरचा हा एकच विजय आहे. मला यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. दोन्ही बाजूंचे कमांडर, ब्रिटिश विलोबी आणि फ्रेंच द्युपेरे, जखमी झाले आणि दोघांवर एकाच घरात उपचार झाले. ते घर माहेबूर गावात अजून उभं आहे, तिथे आता म्युझियम आहे.

तीन महिन्यांनी ब्रिटिश प्रचंड फौज घेऊन परत आले, त्यात मुंबई, मद्रास, बंगालकडचे शिपाईही होते, उत्तरेच्या किनाऱ्यावर उतरले आणि डिसेंबर १८१०च्या सुरुवातीला फ्रेंचांनी शरणागती पत्करली. पण शरणागतीच्या अटींमध्ये लिहून घेतलं होतं की रहिवाशांचा धर्म, कायदे, रीतिरिवाज तसेच राहतील. ब्रिटिशांना बंदर पाहिजे होतं, ते मिळालं, मग ऊसमळेवाल्या फ्रेंच घराण्यांना कशाला दुखवा? म्हणून ऑफिशियल कारभार इंग्रजीत, पेपर फ्रेंचमध्ये आणि घरात-बाजारात क्रेओल म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली अशी जी सरमिसळ आज दिसते तिचं मूळ त्या अटींमध्ये आहे.

गुलामगिरी कधी संपली?

१ फेब्रुवारी १८३५. साधारण ६६ हजार माणसं गुलाम होती, बहुतेक मादागास्कर, मोझांबिक आणि पूर्व आफ्रिकेतून आणलेली, थोडी भारतातूनही. आणि नुकसानभरपाई मिळाली मालकांना, २० लाख पौंडांच्या वर. ज्यांनी राबून आयुष्य घालवलं त्यांना एक पै नाही, उलट सुटल्यावरही काही वर्षं 'अप्रेंटिस' म्हणून त्याच मालकाकडे काम करायचं. हे वाचून आजही संताप येतो.

नैऋत्येला ले मॉर्न नावाचा सरळसोट कड्यांचा डोंगर आहे, पळालेले गुलाम तिथल्या कपारींमध्ये लपायचे. लोक सांगत आलेत की मुक्तीची बातमी द्यायला शिपाई वर चढायला लागले तेव्हा पकडायलाच आले असं समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या घेतल्या. ही मौखिक परंपरा आहे, पण डोंगर पाहिला की ती का टिकली ते कळतं. २००८ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. १ फेब्रुवारीला देशभर सुट्टी असते.

मग भारतीय एवढ्या संख्येने कसे आले?

गुलाम सुटणार हे दिसायला लागल्यावर मळेवाल्यांना स्वस्तात मजूर पाहिजे होते. २ नोव्हेंबर १८३४ ला ॲटलास नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं आणि तिथून गिरमिट पद्धत सुरू झाली. ब्रिटिश सरकार याला मोठा प्रयोग म्हणायचं. इथे जमला म्हणून मग तो त्रिनिदाद, गयाना, दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ, फिजी असा जगभर नेला. १९१० पर्यंत साडेचार लाखांहून जास्त भारतीय मॉरिशसला आले, निम्म्याहून बरेच जास्त कायमचे राहिले.

करार साधारण पाच वर्षांचा, पुरुषाला महिना ५ रुपये आणि वर तांदूळ, डाळ, मीठ वगैरे शिधा. कागदावर ठीक वाटतं. पण नियम असा होता की एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचा. आजारी पडलात तरी खाडाच. महिन्यात आठ-दहा दिवस ताप आला की हातात काय राहणार तुम्हीच हिशेब करा. १८६०च्या दशकात तर प्रत्येकाने फोटो लावलेला पास जवळ बाळगायचा कायदा आला, पास नसला की सरळ भटक्या म्हणून अटक. म्हणजे करार संपवून मोकळा झालेला माणूससुद्धा रस्त्याने मोकळा फिरू शकत नव्हता. याविरुद्ध १८७१ मध्ये ॲडॉल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका युरोपियन माणसाने मजुरांकडून अर्ज तयार केला, ९ हजारांवर सह्या आणि अंगठे गोळा केले, मळेवाल्यांनी त्याला छळलं, भर रस्त्यात मारहाण झाली, पण लंडनहून रॉयल कमिशन आलं आणि सगळे प्रकार सरकारी रिपोर्टमध्ये नोंदले गेले.

हे मजूर जिथे उतरायचे ती जागा म्हणजे पोर्ट लुईचा आप्रवासी घाट. पूर्वी त्याला कुली घाट म्हणायचे. बोटीतून उतरून दगडी पायऱ्या चढायच्या, मग एक-दोन दिवस डेपोत, नोंदणी, आणि तिथून मळ्यावर रवानगी. डेपोचा बराच भाग पुढे रस्ता काढताना गेला, उरलेला २००६ पासून जागतिक वारसा आहे.

यात मराठी माणसं होती का?

होती. बहुसंख्य मजूर बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशाकडचे भोजपुरी, त्यानंतर तमिळ-तेलुगू. मुंबई बंदरातून गेलेल्यांचं प्रमाण कमी, पण त्यात आपली कोकणातली आणि घाटावरची माणसं होती. जुना रत्नागिरी जिल्हा धरायचा, ज्यात आजच्या सिंधुदुर्गचाही बराच भाग यायचा. भाषा हळूहळू घरातून गेली, आजची पिढी घरी क्रेओल बोलते, मराठी शाळेत शिकते. पण सण राहिले. १८९६ मध्ये हेन्रिएटा गावात पहिला गणेशोत्सव झाला असं सांगतात आणि आज गणेश चतुर्थी ही मॉरिशसमध्ये राष्ट्रीय सुट्टी आहे. कास्काव्हेलला विठ्ठल-रखुमाईचं देऊळ आहे. कोकणातली जाखडी तिथे झाकरी म्हणून अजून नाचतात, मधे ढोलकी, भोवती गोल, पायात चाळ. रत्नागिरीकडच्या माणसाने बघितलं तर ठेका लगेच ओळखेल. एप्रिल २०२३ मध्ये मोका इथे शिवाजी महाराजांचा पुतळाही बसलाय.

एक विनंती, तिथल्या मराठी माणसाला 'तुम्हाला मराठी कसं येत नाही' असं विचारू नका. पावणेदोनशे वर्षांपूर्वी सुटलेलं गाव, ना पत्र ना फोन, त्यात पाच पिढ्या ऊस तोडण्यात गेल्या. आरती पाठ आहे हेच मला थोर वाटतं.

आमच्या घरातलं कुणी तिकडे गेलं होतं असं ऐकलंय. शोधता येईल का?

शक्यता आहे. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिट मजुरांची रजिस्टर जपून ठेवलीत. त्यात नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जहाज, जिल्हा, गाव असं लिहिलेलं असतं, आणि १८६०च्या दशकापासून पुढच्यांचे फोटोसुद्धा आहेत, तेच पासवाले. स्पेलिंग मात्र क्लार्कने कानावर पडेल तसं लिहिलंय, तेव्हा आडनावावर अवलंबून राहू नका, बऱ्याच जणांना आडनाव लिहिलेलंच नाही. गावाचं नाव आणि अंदाजे साल असेल तर काम सोपं होतं.

गांधीजी मॉरिशसला गेले होते का?

हो, १९०१ मध्ये. दक्षिण आफ्रिकेतून परत येताना त्यांचं जहाज तिथे थांबलं आणि ते दोन-अडीच आठवडे राहिले. मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, हे त्यांचं सांगणं. पुढे १९०७ मध्ये त्यांच्या सूचनेवरून मणिलाल डॉक्टर हे वकील आले, मजुरांचे खटले लढले, 'हिंदुस्थानी' नावाचं वर्तमानपत्र काढलं. देशाच्या स्वातंत्र्यासाठी १२ मार्च ही तारीख निवडली तीही दांडी यात्रेच्या दिवसावरून.

तुमच्या मते सगळ्यात मोठी घटना कुठली? स्वातंत्र्यच ना?

माझं उत्तर १९४८ची निवडणूक. सविस्तर सांगतो, कारण बाहेर याबद्दल फार कमी बोललं जातं.

त्याआधी मतदान फक्त मालमत्ता आणि चांगली कमाई असणाऱ्यांना. चार लाखांवर लोकसंख्या आणि मतदार जेमतेम १२ हजार. १९३६ मध्ये डॉ. मॉरिस क्युरे यांनी मजूर पक्ष काढला. १९३७ मध्ये छोट्या शेतकऱ्यांच्या 'उबा' जातीच्या उसाला कारखान्यांनी भाव कमी केला, लोक चिडले, १३ ऑगस्टला युनियन फ्लाक इस्टेटवर गोळ्या घातल्या, चार ठार. सप्टेंबर १९४३ मध्ये बेल व्ह्यू हारेलला पगाराच्या मागणीवरून पुन्हा गोळीबार, पुन्हा चार ठार, त्यात अंजले कुपेन ही गरोदर बाई होती. तिच्या नावाचं स्टेडियम आज आहे.

आता ब्रिटिशांना काहीतरी द्यावं लागणारच होतं. १९४७च्या नव्या घटनेत मतदानाची अट अशी ठेवली की कुठल्याही एका भाषेत साधं लिहिता-वाचता आलं पाहिजे, आपली सही करता आली पाहिजे. कुठल्याही म्हणजे हिंदी, तमिळ, तेलुगू, मराठी, सगळं चालेल. आणि बायकांनाही मत.

इथे बासुदेव विष्णुदयाल या माणसाने जे केलं त्याला तोड नाही. कलकत्त्यात शिकून आलेले शिक्षक, गावोगाव फिरणारे, अनेकदा जेलमध्ये गेलेले. त्यांच्या जन आंदोलनाचे स्वयंसेवक गावातल्या बैठकांमध्ये बसून लोकांना अक्षरं शिकवायला लागले. बैठक म्हणजे पत्र्याची किंवा गवताची एक खोली, संध्याकाळी मुलं हिंदी शिकायची, भजन व्हायचं. त्याच खोलीत आता दिवसभर ऊस तोडून आलेले बाप्ये आणि बाया कंदिलाच्या उजेडात आपलं नाव गिरवतायत, कारण ते नाव लिहिता आलं की मत मिळणार. मतदार १२ हजारांवरून थेट ७१ हजारांच्या वर गेले. ऑगस्ट १९४८च्या निवडणुकीत १९ पैकी ११ जागांवर भारतीय वंशाचे उमेदवार निवडून आले, मळेवाल्यांच्या हातातून विधिमंडळ सुटलं आणि ते पुन्हा कधी त्यांच्याकडे गेलं नाही. १९५९ मध्ये सगळ्या प्रौढांना मत मिळालं, १९६८ला स्वातंत्र्य, पण दार उघडलं ते त्या सहीने.

१९६८चं स्वातंत्र्य सहज मिळालं का?

रक्तरंजित लढा झाला नाही हे खरं, पण सहज अजिबात नाही. ऑगस्ट १९६७ची निवडणूक हाच एक प्रकारे कौल होता. स्वातंत्र्याच्या बाजूची, मजूर पक्षाचे नेते सिवसागर रामगुलाम यांची आघाडी ३९ जागा जिंकली, विरोधात गाएतां द्युव्हाल यांच्या पक्षाला २३ जागा आणि तब्बल ४४ टक्के मतं. म्हणजे दर दहातल्या चार-साडेचार लोकांना स्वातंत्र्य नको होतं, हिंदू बहुसंख्येखाली आपलं काय होणार ही भीती होती. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रेओल (इथे मुख्यतः आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांचा समाज) आणि मुस्लिम वस्त्यांमध्ये दंगल पेटली, ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं. तशा वातावरणात १२ मार्चला शाँ द मार्सच्या रेसकोर्सवर युनियन जॅक उतरला आणि लाल-निळा-पिवळा-हिरवा झेंडा चढला. पुढच्याच वर्षी रामगुलाम यांनी द्युव्हालना सरकारात घेतलं. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

'बेस्ट लूजर' काय भानगड आहे?

६२ जागा मतांनी भरतात, त्यानंतर ज्या समाजाला कमी प्रतिनिधित्व मिळालं त्यातल्या हरलेल्या पण चांगली मतं घेतलेल्या उमेदवारांना जास्तीत जास्त ८ जागा देतात. त्यासाठी उमेदवाराला आपला समाज जाहीर करावा लागायचा, याला विरोध आहे, वाद कोर्टापर्यंत गेलाय. पण सुरुवातीच्या भीतीच्या काळात याने लहान समाजांना धीर मिळाला हे मानावं लागेल.

नुसता ऊस असलेला देश गरीब कसा राहिला नाही?

१९६०च्या सुरुवातीला जेम्स मीड या अर्थतज्ज्ञाने, ज्याला नंतर नोबेल मिळालं, रिपोर्टात अगदी निराशाजनक चित्र मांडलं होतं. त्यातच फेब्रुवारी १९६० मध्ये कॅरोल चक्रीवादळाने हजारो घरं झोपवली, म्हणूनच आज तिथे सगळीकडे सिमेंटची स्लॅबची घरं दिसतात. चित्र बदललं ते दोन-तीन गोष्टींनी. १९७० मध्ये निर्यातीसाठीच्या कारखान्यांना सवलती देणारा कायदा आला, ही कल्पना लावून धरणारे प्रा. एदुआर लिम फॅट. कपड्यांचे कारखाने आले, हजारो बायका पहिल्यांदा पगारावर कामाला लागल्या. युरोपशी झालेल्या १९७५च्या लोमे व्यापार करारामुळे साखर युरोपला ठरलेल्या चांगल्या भावात जायला लागली. शिक्षण फुकट झालं. मग टुरिझम, बँकिंग.

प्रजासत्ताक व्हायला १९९२ का उजाडलं?

तोपर्यंत ब्रिटनची राणीच राष्ट्रप्रमुख होती. घटना बदलायला मोठं बहुमत लागायचं, ते शेवटी जमलं आणि १२ मार्च १९९२ला देश प्रजासत्ताक झाला. त्याआधीचं मोठं वळण १९८२चं. स्वातंत्र्य मिळवून देणाऱ्या रामगुलाम यांच्या पक्षाला मुख्य बेटावर एकही जागा मिळाली नाही, विरोधकांना ६० पैकी ६०. रामगुलाम शांतपणे पायउतार झाले. त्या काळात नव्याने स्वतंत्र झालेल्या किती देशांत असं झालं ते आठवून बघा.

चागोसचा वाद काय आहे?

हा या इतिहासातला सगळ्यात कटू भाग. १९६५ मध्ये, स्वातंत्र्याच्या बोलण्यांच्या काळातच, ब्रिटनने हिंदी महासागरातलीच चागोस बेटं मॉरिशसपासून तोडून घेतली, ३० लाख पौंड दिले. त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ करायचा होता. १९६८ ते १९७३ मध्ये तिथले दीड-दोन हजार लोक उचलून मॉरिशस आणि सेशेल्सच्या बंदरांवर आणून सोडले. त्यांची पाळलेली कुत्री विषारी वायूने मारली. पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्यांमध्ये ही माणसं खंगत गेली, बायकांनी उपोषणं केली, मोर्चे काढले, तेव्हा थोडी भरपाई मिळाली.

फेब्रुवारी २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की हे तोडणं बेकायदेशीर होतं, मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांत ११६ विरुद्ध ६ असा ठराव झाला. मे २०२५ मध्ये ब्रिटनने करारावर सही केली, सार्वभौमत्व मॉरिशसचं आणि दिएगो गार्सिया ९९ वर्षं भाड्याने. सही झाली म्हणजे लगेच लागू असं नसतं, ब्रिटनच्या संसदेतली मंजुरी वेगळी. आणि दोन सरकारांच्या बोलण्यात चागोसच्या लोकांना खुर्ची नव्हती, हे अनेक चागोशियन स्वतः म्हणतात आणि ते बरोबर आहे.

अलीकडची मोठी घटना?

२५ जुलै २०२० ला वाकाशिओ हे जपानी मालकीचं जहाज पॉइंट द'एस्नीजवळ प्रवाळाच्या खडकावर चढलं, ऑगस्टमध्ये त्यातून साधारण १ हजार टन तेल समुद्रात गेलं. सरकार हलेपर्यंत लोक थांबले नाहीत. उसाचं वाळलेलं पाचट कापडी पोत्यांमध्ये ठासून, त्याला प्लास्टिकच्या बाटल्या बांधून लांबच लांब माळा केल्या आणि तेल अडवायला पाण्यात सोडल्या, कुणी डोक्याचे केस कापून दिले. सगळे समाज एकत्र, गुडघाभर काळ्या पाण्यात.

दोन दिवस बीच सोडून इतिहास बघायचा तर कुठे जाऊ?

एक दिवस पोर्ट लुई: सकाळी आप्रवासी घाट, तिथलं केंद्र नीट बघायला दोन तास ठेवा, मग जवळच जुन्या लष्करी हॉस्पिटलमधलं गुलामगिरीचं म्युझियम, नंतर शाँ द मार्स. दुसऱ्या दिवशी गाडी करून माहेबूरचं म्युझियम आणि तिथून दक्षिण किनाऱ्याने ले मॉर्न, वाटेत गंगा तलाव हे हिंदूंचं तीर्थ करता येतं. महाशिवरात्रीच्या आसपास गेलात तर कावड घेऊन चालणाऱ्यांनी रस्ते भरलेले असतात, गाडीला वेळ लागतो, पण तेव्हाच जा. आणि घाटावर, म्युझियममध्ये जायच्या आधी उघडण्याची वेळ चेक करा, सार्वजनिक सुट्ट्या तिथे भरपूर आहेत.